चोवीस अंशांची सही

मंडळी, देवाचं नाव घेतलं, टाळ वाजले, आता आधी एक हिशेब मांडू. देवाचा नंतर. आधी माणसाचा.

अश्लेषा ठेमस्कर. वय सव्वीस. गाव बल्लारपूर, नोकरी पुण्यात. एका कागदावर सही केली तर या मुलीला काय मिळणार होतं? कायमची नोकरी. तोवर ती वर्षावर्षाच्या करारावर होती. गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी पिवळी, म्हणजे कंत्राटी. सही झाली की निळी, म्हणजे कायमची. निळ्या दोरीला वेगळी बस, वेगळं जेवणघर, वेगळा नमस्कार. हसू नका. तुमच्या ऑफिसात दोरी नसेल, खुर्ची असेल. आणि सही केली नाही तर? पिवळी दोरी टेबलावर ठेवायची आणि बल्लारपूरची गाडी पकडायची. एवढाच जमाखर्च.

आता माझा प्रश्न. खोटं बोलणारा पापी, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यासाठी मला मानधन देऊन बोलवायचं कारण नाही. मी विचारतो ते वेगळं: अक्षर न् अक्षर खरं लिहिणाऱ्याच्या हातून पाप घडतं का? मान हलवू नका लगेच. ऐका.

तिची कंपनी हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र बनवायची. आजोबा मंडळींसाठी सांगतो: मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणं, पाटीसारखं दोन्ही हातांत धरायचं. नातू दिवसभर ज्यात डोकं घालून बसतो ते. त्याच्या पोटात एक चकती असते, तिला सगळा विचार करावा लागतो. विचार करणारा तापतोच. म्हणून तिच्या अंगावरून तांब्याची नळी नेतात, नळीच्या टोकाला रुपयाएवढा पंखा, पंख्यासमोर हवा जायला फटी. तरीही पाठ तापली, तर यंत्र आपलं आपणच मंद होतं. दमलो म्हणतं. केवढं शहाणं यंत्र! आपल्याला पन्नाशी उलटली तरी कळत नाही.

आता दुसरे गृहस्थ. पराग नेवाळकर, या यंत्राचे प्रमुख. फार गोड माणूस. कुणाला अरे म्हणणार नाही, आणि कुणाचं ऐकणारही नाही. त्यांना यंत्र दोन मिलिमीटर बारीक हवं होतं. दोन मिलिमीटर म्हणजे किती? हरभऱ्याची डाळ जेमतेम. तेवढ्यासाठी पंखा लहान केला, नळी चपटी केली, आणि प्लास्टिकची पाठ काढून चकचकीत धातूची लावली. कढईची लाकडी दांडी काढून तिथे लोखंडी उलथनं जोडावं, तसं. घरातल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता. पण घरातल्या बाईला कोण विचारतो?

झालं काय, हातात धरून खेळलं की यंत्र दहा मिनिटांत मंदावायला लागलं. गेम अडखळायला लागला. पाठ पंचेचाळीस अंशांवर गेली की मंद व्हायचं, अशी मर्यादा होती. परागरावांनी ती बावन्नवर नेली.

अश्लेषा म्हणाली, "सर, बावन्न म्हणजे हाताला चटका बसतो."

परागराव हसून म्हणाले, "अश्लेषा, गेम अडखळला की लोक शिव्या घालतात. हात भाजला की घालत नाहीत. मध्ये रुमाल धरतात."

मंडळी, या माणसाला लोकांची नस सापडली होती, हे मान्य करा. आपण आहोतच असे. गॅसचा सिलेंडर गळतो, आपण साबणाचं पाणी लावतो. रस्ता खचतो, आपण वळसा घालतो. रुमाल धरणारी जात आपली.

चाचणी कुठे करायची? तळमजल्यावरच्या एका खोलीत. एसी चोवीसवर. काचेचं टेबल, टेबलावर एक घोडी, घोडीवर यंत्र उभं. पाठीमागे हवा खेळती. त्यावर एक तास गेम चालवला, पाठ त्रेचाळीसवर थांबली. पास! आणि खेळणारे कुठे खेळतात? गादीवर पालथं पडून. उशीवर टेकवून. पत्र्याखाली. भरदुपारी, लाईट गेलेली असताना. अश्लेषाच्या डोक्यात साधी बेरीज होती: खोलीपेक्षा पाठ एकोणीस अंशांनी वर. पुण्यात चोवीस, त्रेचाळीस झाले. बल्लारपुरात चव्वेचाळीस असतील तेव्हा? यंत्र थेट बावन्नला जाऊन भिडणार, आणि तिथेच खुशाल बसणार.

ती म्हणाली, "सर, एक चाचणी चव्वेचाळीसच्या खोलीत करू. तीन दिवस लागतील."

"तीन दिवस नाहीत. दसऱ्याला बाजारात जायचंय. आणि दिलेल्या नियमाप्रमाणे चाचणी झालीय ना? त्रेचाळीस आलंय ते खोटं आहे का?"

"खोटं नाही."

"मग सही करायला काय हरकत आहे?"

इथे ही मुलगी अडली. रात्रभर नाही हं, एक जेवणाची सुट्टी. नाटकात रात्रभर अडतात, नोकरीत डबा संपेपर्यंत. आणि डबा संपता संपता तिला वाट सापडली. हुशार माणसालाच सापडते ती. तिने चाचणीच्या कागदावर, "उत्तीर्ण" या शब्दाखाली, स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "ही चाचणी चोवीस अंशांच्या खोलीत झाली आहे. अधिक उष्ण जागेसाठी हा निष्कर्ष धरू नये." आणि खाली सही केली. मन स्वच्छ! खरं लिहिलं, आणि निळी दोरीही मिळाली.

चार शब्द माझे आहेत. संतांच्या माथी मारत नाही.

उन्हात विकणे । सावलीत तोलणे ।
खरे ते बोलणे । कोणासाठी ॥

कागद फाइलीत गेला. यंत्राच्या डब्यावर छापलं एवढंच: "ताप-चाचणी उत्तीर्ण." खालची ओळ? ती डब्यावर मावली नाही म्हणे. डब्यावर ड्रॅगन मावला, आगीचा लोळ मावला, ही एक ओळ मावली नाही.

दिवाळीला अश्लेषा घरी गेली. पहिल्या खेपेतलं एक यंत्र वडिलांसाठी नेलं. गजाननराव ठेमस्कर. पस्तीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. कारखान्यात म्हणे मीटर बिघडला की साहेब गजाननरावांना बोलवायचे. ते वाफेच्या नळीजवळ हात नेऊन आकडा सांगायचे, दोन-चार अंशांचा फरक. आता साखर होती, पंधरा वर्षांची. पायांची बोटं आधीच बधिर झालेली. हातांचं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. शर्टाचं बटण लागेना झालं की ते बायकोला म्हणायचे, "शिंप्याने काजंच लहान केली वो."

त्यांना मोटारीच्या शर्यतीचा गेम आवडला. जन्मात सायकलीच्या पुढे न गेलेला माणूस, दुपारभर दोनशेच्या वेगाने गाडी पळवायचा. शेजारी आले की यंत्र दाखवायचे. "आमच्या पोरीनं पास केलेलं हाय हे. तिच्या सहीबिगर बाहेर पडत नाही."

थंडीत काही झालं नाही. उन्हाळा आला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी लाईट गेली, कूलर बंद पडला. आई आतल्या खोलीत ओला टॉवेल अंगावर घेऊन पडलेली. गजाननराव ओट्यावर भिंतीला टेकून खेळत होते. दीड तास. तुम्ही-आम्ही पाच मिनिटांत यंत्र खाली ठेवलं असतं, "बापरे" म्हणून फुंकर घातली असती. त्यांच्या हातांनी त्यांना काही कळवलंच नाही. तेच हात, ज्यांना साहेब विचारायचे.

बॅटरी संपली तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि आत हाक मारली, "अवो, हा ग्लास गळून राहिला. बाहेरून ओला झाला."

आई आली. ग्लास गळत नव्हता. डाव्या हाताला फोड आले होते आणि त्यांतला एक फुटला होता.

साखरेची जखम. पुढचं तुमच्यातल्या अनेकांच्या घरात झालेलं आहे, मला सांगायला लावू नका. चंद्रपूर झालं, नागपूर झालं. दीड महिन्यानंतर डाव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

अश्लेषा नागपूरहून पुण्याला गेली ती थेट परागरावांच्या केबिनमध्ये. उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. पाणी मागवलं. मग हळूच म्हणाले, "पण आतल्या माहितीपत्रकात छापलंय ना आपण, गरम वाटल्यास वापर थांबवावा."

"त्यांना गरम वाटत नाही, सर. त्यांच्यासारखे लाखो आहेत."

"मग त्यांनी डॉक्टरांना विचारून वापरायला हवं होतं." आणि मग, अगदी मायेने, "हे बघ, प्रकरण वाढवलंस तर पहिला प्रश्न येईल, पास कुणी केलं? माझी सही कुठेच नाही, अश्लेषा."

नव्हतीच. शहाणा माणूस सही करत नाही, तो पेन पुढे करतो.

ती म्हणाली, "मी खाली लिहिलं होतं. चोवीस अंशांच्या खोलीत."

"लिहिलंस ना. म्हणून तर तू सुरक्षित आहेस."

सुरक्षित! मंडळी, हा शब्द ऐकून माझं टाळकं फिरतं. कोण सुरक्षित? कशापासून? ज्या ओळीने एका हाताचं रक्षण व्हायचं, ती ओळ लिहिणारीचं रक्षण करत फाइलीत बसली होती.

राजीनामा तिथेच टाकला असता, तर हे आख्यान सोपं झालं असतं. तिने टाकला नाही. ती घरी आली. गजाननराव पलंगावर बसले होते, हाताला पट्टी. तिने सगळं सांगितलं: मर्यादा कशी वाढवली, खोली कशी थंड होती, बेरीज काय होती.

त्यांनी पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग विचारलं, "म्हणजे तुले मालूम होतं?"

"हो बाबा. पण मी लिहून ठेवलं होतं."

"कोठी?"

"चाचणीच्या कागदावर."

"बरं." ते म्हणाले. "मले देलं तवा सांगितलं होतं काय?"

मंडळी, याचं उत्तर? तुम्ही द्या. आहे कुणाकडे?

पस्तीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. तो म्हणाला, "आमच्या इथं वाफ वाढली तर वहीत लिहीत नव्हतो वो आधी. आधी वरडत होतो. वही मंग."

आता माझा प्रश्न घ्या परत. खरं लिहिणाऱ्याच्या हातून पाप घडतं का? घडतं. जिथे कुणी वाचणार नाही तिथे लिहिलेलं खरं म्हणजे खोट्याचाच धाकटा भाऊ, फक्त अंघोळ केलेला. लिफ्टच्या तपासणीवर सही कुणाची आहे इथे? शाळेच्या बसची? पाण्याच्या टाकीची? "मी पाहिलं तेव्हा ठीक होतं." बरोबर, तुम्ही पाहिलं तेव्हा ठीकच होतं. तुम्ही पाहायला गेलाच सकाळी अकराला, चहा घेऊन. अहवालाच्या चाळिसाव्या पानावर बारीक अक्षरात भीती लिहिता, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात पास लिहिता आणि रात्री नामस्मरण करून गाढ झोपता. त्या नामाला तरी लाज आणू नका. ओरडायचं असतं तिथे लिहून ठेवता, याला सत्य म्हणत नाहीत. याला पावती म्हणतात, आणि ती स्वतःच्या नावाची फाडलेली असते.

तर कुणी काय दिलं, ते मोजू आणि उठू. परागरावांनी काही दिलं नाही. त्यांना बढती मिळाली. कंपनीने पुढच्या वर्षी गुपचूप पाठ पुन्हा प्लास्टिकची केली, मर्यादा पंचेचाळीसवर आणली आणि त्याला नवी आवृत्ती म्हणून जाहिरात केली. अश्लेषाने शेवटी निळी दोरी परत दिली, चाचणीचा कागद वर्तमानपत्राला दिला आणि स्वतःच्या सहीसकट छापू दिला. आता तिला कुणी नोकरी देत नाही. आणि गजाननरावांनी, ज्यांना या सगळ्या व्यवहारात कुणी काही विचारलंच नव्हतं, दोन बोटं दिली.