दाराकडे कलणारी गाडी

परक्यांच्या बोलण्याला कान लावू नये, असं सासूबाईंनी बजावलं होतं. पण बाळाला घेऊन गॅरेजच्या बाकावर बसलेल्या तिच्या कानांना झाकण कुठं होतं? बाकावर शेजारी बसलेले आजोबा बाळाला हसवत होते. त्यांची राहायची-झोपायची सोय असलेली मोठी गाडी समोर एका बाजूला कलून उभी होती आणि तिच्यापाशी त्यांची बायको मेकॅनिकशी हळू आवाजात बोलत होती.

"आजी, चाकावरचा, गाडीला तोलून धरणारा हवेचा फुगा गळतोय. म्हणून गाडी रात्रीतून दाराकडे कलते. बदलतो."

"राहू दे रे."

"अहो, वाटेत फुटला म्हणजे?"

"यांना विसरायला होतं. झोपेतून उठतात नि बाहेर चालू लागतात. दाराच्या बाजूला मी झोपते. उतार असला की उठताना माझ्यावर कलंडतात, मग मला जाग येते."

"मग दार उघडलं की तुमच्या उशीखाली थरथरेल, असं काहीतरी बसवतो. फुगा मात्र बदलू द्या."

"काय गं कुजबुजतेस?" आजोबांनी बाकावरून आजींना विचारलं.

"तुमचं घोरणं दुरुस्त होतं का, विचारतेय."

तुमच्या शेजारी अशी अर्धवट झोपेची कुणी आजी असेल, तर आज जरा डोकावून या, एवढंच बाकावरच्या त्या बाळाच्या आईचं सांगणं आहे.