राखणदाराची खोळ

माझं नाव सुलोचना, पण ह्या फुटपाथवर ते कुणाला माहीत नाही, सगळे हारवाल्या मावशी म्हणतात, तेच लिहा. कुडाळकडची मी, लग्न होऊन परळला आले, नवरा गिरणीत, चाळीत एक खोली, आणि सासू. सासू म्हणजे काय सांगू तुम्हाला, एवढीशी बाई, पण फुलांची टोपली डोक्यावर घेऊन निघाली की मागे मला धावावं लागायचं. पहिल्याच दिवशी मला इथे आणलं आणि हा दगड दाखवला, गुडघ्याएवढा, शेंदरानं माखलेला, आणि म्हणाली, ह्यो आपलो राखणदार आसा गो, पयलो हार हेका, मगे गिऱ्हाईक. कुणी सांगितलं राखणदार म्हणून, हे विचारायची सोय नव्हती.

पुढे गिरणी बंद पडली, नवरा घरी बसला, पण ह्या जागेनं आम्हाला उपाशी ठेवलं नाही. म्हातारी खूप सोसून गेली हो. जाताना माझा हात धरला आणि पोरांचं नाही, नातवंडांचं नाही, दगडाचं बोलली. हेका उघडो टाकू नको गो. मी म्हटलं, नाय टाकूचंय.

आता ही निकिता. ही पोरगी रविवारी सकाळी लोकांना गिरणगाव दाखवत फिरते, जे कुणी बघत नाही तेच दाखवते, कुठे जुना नळ, कुठे गिरणीची भिंत. मला आधी हसू यायचं, म्हटलं एवढी मुंबई सोडून हे लोक भिंती काय बघतात! पण हुशार हो पोरगी, आणि बोलते किती गोड. एकदा दगडापाशी बसली, खालचा शेंदूर जरा सुटला होता तिथे बोट लावलं आणि म्हणाली, मावशी, मला वाटतं हा जुना मैलाचा दगड आहे, फोर्टातल्या चर्चपासून मैल मोजत लावलेला, आत आकडा असणार. पण तुम्ही काही करू नका हं, तुमचा देव आहे.

काही करू नका म्हटल्यावर बाई गप्प बसेल का? दोन दिवस झोप नाही. तेव्हा इथे फुटपाथचं काम चाललं होतं, देव म्हणून दगडाभोवती दोन हात जागा सोडून माणसं खणत होती. शनिवारी दुपारी माणसं जेवायला गेली, आणि मी तेल गरम करून फडक्यानं चोळलं, तर सगळा थर भाकरीसारखा जाड, अख्खा हातात आला. आणि खाली आकडा! खाली टोकाशी जुळलेल्या दोन रेघा, रोमन पाच. काय सुंदर कोरलेला! मी तिथेच बसून बोट फिरवत राहिले.

आता हा शेंदराचा थर म्हणजे देवाची खोळ, ती निघाली की पाण्यात सोडायची, कचऱ्यात टाकायची नाही, ही रीत. तर मी ती टोपलीत घेऊन दादर चौपाटीला गेले, हात जोडले, परत येते तर दगडाच्या जागी खड्डा. खणलेल्या दगडमातीच्या, राबिटच्या ढिगावर आडवा पडलेला माझा राखणदार, आणि टेम्पो भरायला लागलेला. म्हातारीला शब्द दिला होता आणि माझ्याच हातानं मी त्याला उघडा केला होता.

मी जाऊन टेम्पोपुढे उभी राहिले. मुकादम बीडकडचा, शिवराम, म्हणाला, आजे, काल देव व्हता, आज नुसता दगडच हाय की. आणि मी काय बोलले ते माझं मला कळलं नाही, सासूच बोलली माझ्या तोंडून. म्हटलं, अरे मेल्या, देवानं खोळ टाकली, आंघोळ झाली त्याची, अंगावर कपडा चढायचाय अजून, तेवढ्यात उचललास? तो पांढरा पडला. चपला काढल्या, हात धुतले, चौघांनी दगड उचलून आणला आणि ओळंबा लावून असा सरळ बसवला की बघत राहावं. आकडा रस्त्याकडे ठेव म्हटलं, तर तोही ठेवला. मग मी नारळ ठेवून आमच्या कोकणातलं गाऱ्हाणं घातलं, मी मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी होय महाराजा म्हणायचं. कामावरची पोरं बिहारची, त्यांना काय कळतंय, पण शिवराम होय महाराजा म्हणाला तशी तीही म्हणायला लागली, होय महाराजा!

नवा शेंदूर मी डोक्याला आणि पाठीला लावला, आकडा मोकळा ठेवला. सासूचा देव आणि निकिताचा आकडा, दोघं एका जागेत. चाळीत राहिलेल्या माणसाला त्यात काय अवघड?

निकिताला कळलं तेव्हा रडली पोर, म्हणाली, माझ्यामुळे झालं. मी म्हटलं, तू नसतीस तर आकडा दिसला असता का? आता रविवारी माणसं येतात, परवा तर कुठल्या कुठून एक गोरी म्हातारी आली, आकड्यावर बोट फिरवत राहिली, माझ्यासारखीच. पहिला हार अजून त्याचाच.

तुम्हीही बघा, हात लावा. जोडायचे तर जोडा, नाही जोडलेत तरी तो रागावत नाही. फक्त टेकू नका त्याच्यावर, आमची म्हातारी वरून ओरडेल. आणि जिथून आलात तिथे सुखरूप पोचा.