घरातल्या माणसाचा आवाज

कामशेतच्या बसथांब्यावर सासू बाजार करून बसली होती. सून पुण्याच्या दवाखान्यातून मुलीला घेऊन आली आणि तिच्या शेजारी टेकली. पाच-सहा वर्षांची मुलगी हातावर हात चोळत होती.

"डोकं फाडलं का काय?"

"न्हाई हो, आत्याबाई. सुईसुदिक टोचली न्हाई. तारांची टोपी घातली आन् मेंदू पडद्यावर दिसाय लागला."

"टोपी घालून शानपन येतं व्हय? तुझ्या सासऱ्यानं जलमभर घातली की!"

"हिच्या जनुकात दोष हाय. लय कमी पोरींना असतो म्हणं. बोलता येत न्हाई, पर समजतं किती, ते बगायचं व्हतं. घरच्यांचे आवाज मोबाइलात भरून आणा म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

"हिला काय डोंबल समजतंय!"

"तुमचा बी नेलता."

"माझा? मंग?"

"माझ्यापरास तुमच्या आवाजाला मेंदू जास्त जागा झाला."

"बग! आजीला वळखती पोरगी. तुझ्यापेक्षा माझ्यावर जीव हाय तिचा. काय बोललेली गं मी?"

"वट्यावर शेजारणीला सांगत व्हता. देवानं ही पोरीची धोंड एकदाची उचलू दे, मंग पोराचं दुसरं लगीन लावते."

"...आन् ते तू पोरीला ऐकवलंस? लाज न्हाई वाटली?"

"तिनं आधीच ऐकलं व्हतं, आत्याबाई. बोलला तवा तुमच्याच मांडीवर व्हती ती."