आईच्या दुखण्याचं हिंदी

आमच्या आईला मेडिकल कॉलेजात एकदा मानसिक रोग विभागात पाठवलं होतं, हे सांगितलंय का तुम्हाला?

आई जन्माची झाशीची, भाजीवाल्याशी हिंदीत कडाकडा भांडणारी. पण बायकी दुखणं हिंदीत सांगायला तिची जीभ रेटेना. म्हणून स्त्रीरोग विभागात माझी मुलगी रिंकू तिच्याबरोबर आत गेली. मी पुरुष, दाराबाहेर. आतलं मला नंतर कळलं.

आई रिंकूच्या कानात म्हणाली, "सांग, माझं अंग बाहेर येतं."

रिंकूचं मराठी घरात ऐकण्यापुरतं. तिनं सांगून टाकलं, "दादी का शरीर बाहर निकल जाता है."

रांग पार जिन्यापर्यंत. डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता विचारलं, "कब से?"

"कई साल से."

"पहले मानसिक रोग में दिखाइए."

तिथला डॉक्टर सज्जन माणूस. त्यानं आईला खुर्ची दिली, मलाही आत घेतलं आणि हळुवारपणे विचारलं, "अम्माजी, शरीर से निकलकर आप ऊपर से खुद को देखती हैं?"

आई कडाडली, "अरे भैया, हम कहीं नहीं जाते! बच्चेदानी बाहर आती है!"

अंग म्हणजे गर्भाशय, हे रिंकूला कुठून कळणार! मला इतकी वर्षं ती फक्त 'कंबर दुखते' म्हणायची. माझी मान वर होईना.

डॉक्टर स्वतः तिला परत स्त्रीरोग विभागात घेऊन गेला. ऑपरेशन झालं, आई खडखडीत बरी झाली.

आता आमच्या नगरा मोहल्ल्यातली कुणी बाई असलं काही तिच्या कानात कुजबुजली, की आई सांगते, "आधी वेड्यांच्या डॉक्टरकडे जा. तो बसवून विचारतो."