शेंडे मोडलेली भेंडी

बन्नीमंटपला भाजीच्या गाडीपुढं रांग होती. मोबाइलवर थेट शेतकऱ्याकडे नोंदवलेली भाजी त्या गाडीतून येते. माझ्यापुढच्या सिंधूअक्कांनी आपली पिशवी उघडली.

"अय्यो! अदिती, बघ ग, माझ्या सगळ्या भेंडीचे शेंडे मोडलेत."

"सिंधूअक्का, नोंदवताना काही लिहिलं होतंत का?"

"लिहिलं होतं की. गुडघ्यांमुळं मार्केटला जाणं बंद झालं, म्हणून काय भेंडी न मोडता घ्यायची? 'शेंडा मोडून बघा, कट्कन मोडला तरच पाठवा,' एवढंच लिहिलं."

"मग काय! तुमच्या त्या बेट्टदपुरच्या शेतकऱ्यानं, चिक्कण्णांनी, एकूण एक मोडून पाठवली."

"अर्ध्या किलोत दोन-तीन मोडायच्या असतात ग! ह्यांनी एक सोडली नाही."

"पण कोवळी आहे ना?"

"लोण्यासारखी! मार्केटमध्ये मी चौथी मोडली की भाजीवाला पिशवी ओढून घ्यायचा."

"मग तक्रार कसली?"

"तक्रार कोण करतंय? पुढच्या गाडीला नारळ सांगितलाय."

"आणि खाली काय लिहिलंत?"

"वाजवून बघा म्हटलं. थांब, त्यांचंच काहीतरी आलंय. आवाज पाठवलाय वाटतं."

मोबाइलमधून टक् टक् ऐकू आलं. ड्रायव्हरनं गाडीचं इंजिन बंद केलं.

"मस्त आहे की, अक्का!"

"गप ग, परत लावू दे."

टक् टक्.

सिंधूअक्कांनी मोबाइल तोंडाशी धरला.

"बेडा री, चिक्कण्णा. हा नको. दुसरा वाजवा."