बाबांच्या कपाळावरची नायरा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आदरणीय अल्हाजा रिसिकात, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आपल्या मुशिन बस अड्ड्याचे चेअरमन मुकाइला साहेब, ज्यांना आज निरोप देतोय ते ढोलवादक बाबा अयानकुन्ले, आणि लागोसभरातून आलेल्या वादक मंडळींनो,

मी तेरुंग्वा. गाव लांब, तिकडे बेन्वेकडे. शाळा तिसरीत सुटली. बाबांच्या ताफ्याची गाडी चालवतो. माइक पहिल्यांदाच हातात आलाय, तेव्हा सांभाळून घ्या.

बाबांबद्दल मी काय सांगावं? काखेतला बोलका ढोल दाबून ते त्यातून समोरच्याच्या बापाचं, आज्याचं नाव वदवायचे आणि दगडासारखा माणूस खिशात हात घालायचा. हजार नायराची कोरी नोट बाबांच्या घामेजल्या कपाळाला चिकटायची. कायद्यानं नोटा उधळणं गुन्हा, तुडवणंही गुन्हा. पहिला गुन्हा आपण दर शनिवारी करतो. पोलीससुद्धा करतात. हसा, हसा. दुसरा मात्र आपल्यात कुणी करत नाही.

गेल्या महिन्यातल्या लग्नात चेअरमन साहेबांनी केला. बसा साहेब, तुमचं कौतुकच चाललंय.

साहेब अड्ड्यावरची दांडगी पोरं घेऊन आले. बाबांनी ढोलावर त्यांचं घराणं घेतलं. साहेबांनी नोटा बाबांच्या पायाशी फेकल्या, वर बूट ठेवला आणि म्हणाले, "उचल म्हाताऱ्या. वाकून उचल."

बाबांनी ढोल थांबवला. कुठे? नेमका साहेबांच्या वडिलांच्या नावावर. बापाचं नाव ढोलावर अर्धं सोडणं म्हणजे केवढा अपमान, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?

"कपाळाला लाव, बाळा," बाबा म्हणाले, "मग तुझा बाप पुरा करतो."

अख्खा मांडव हसला. तेवढंच पुरलं.

पहिली बाटली माझ्या डोक्यात फुटली. नवरीच्या मावशीचे दोन दात जमिनीवर पडलेले मी पाहिले. साहेबांच्या दोन पोरांनी बाबांचा उजवा हात स्पीकरच्या खोक्यावर दाबून धरला आणि तिसऱ्यानं पहार घातली. एकदा घालून थांबला नाही. मग साहेबांनी बुटाखालची नोट उचलली आणि बाबांच्या फुटलेल्या कपाळावर दाबली. रक्तानं ती घट्ट बसली.

"लावली बघ," म्हणाले. "वाजव आता."

तो हात आता वाजवत नाही. म्हणून हा निरोप.

हॉलचं भाडं साहेबांनीच भरलंय, बकराही त्यांचाच. मोठं मन. खिशात कोऱ्या नोटांचं बंडल आहे. वादकानं कपाळाला लागलेली नोट राहू दिली की मन साफ झालं, ही आपली रीत. मग सोमवारी कोर्टात बाबांना साहेबांविरुद्ध तोंड उघडता येणार नाही. अल्हाजा सकाळपासून म्हणतायत, "घ्या बाबा, जीव तरी वाचेल." खरं आहे त्यांचं. साहेबांची पोरं फाटकात उभीच आहेत.

उठलात साहेब? या ना. मी बाजूला होतो. बाबांनाच विचारा.

बघा मंडळी. बाबांनी टोपी पार भुवयांखाली ओढली. डाव्या हातानं.

मिळालं उत्तर, साहेब. नोटा ठेवा आत. दुसरा हात मात्र कंबरेपासून लांब ठेवा.

पुढच्या रांगेतल्या बायांनो, लेकरं घेऊन मागच्या दारानं निघा. बाबांना गाडीत घाला, चावी लावलेलीच आहे, माझ्यासाठी थांबू नका. वादकांनो, ढोल खाली ठेवा आणि खुर्च्या उचला. अध्यक्षबाईंनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही वेडंवाकडं गेलं असेल ते, आणि आता इथे जे फुटेल तेही, पोटात घाला.