शंभरावर लावलेला पडदा

खोकून बेजार झालेल्या शिलाईकाकू, "एक्स-रेत काही नाही" असं डॉक्टरांकडून ऐकून हायसं वाटून निघाल्याच होत्या. तेवढ्यात शेजारच्या खोलीतलं तंत्रज्ञांचं बोलणं कानावर आलं.

"डॉक्टरांचा एक्स-रे बघायचा पडदा एवढा मिणमिणता का रे?"

"ताई, उजेडाचं मीटर बघा ना. शंभर. नेहमीसारखेच."

"अरे शहाण्या, जुनं मीटर उजेड फूट-लँबर्टमध्ये मोजायचं. हे नवं निटमध्ये मोजतं. एक फूट-लँबर्ट म्हणजे जवळजवळ साडेतीन निट."

"म्हणजे साडेतीनशेवर लावायला हवा होता?"

"मग! कधी लावलास?"

"सकाळी."

"आणि आजचे एक्स-रे?"

"सगळे यावरच पाहिलेत त्यांनी."

"कपाळ माझं! एवढ्या अंधारात बारीक डाग दिसलेच नसतील!"

शिलाईकाकू दार ढकलून आत गेल्या.

"वाढवा उजेड, आणि डॉक्टरांना बोलवा. बाहेरच्या पेशंटनाही थांबवते मी."